पुढचा चेंडू पडेपर्यंत

फलंदाजांचा क्रम एल्डा प्रोहास्का डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, भिंतीवरच्या यादीवरून कधीच उतरवून घेत नसे. बेसबॉलच्या सामन्याच्या पाच मिनिटं आधी दोन्ही संघांचे मॅनेजर मैदानात येत, अंपायरच्या हातात आपापलं क्रमाचं, सही केलेलं कार्ड ठेवत आणि एकेक प्रत एकमेकांना देत. तेवढ्या वेळात एल्डा स्टँडच्या छपराखालच्या लाकडी खोलीतून सतरा पायऱ्या उतरून कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राही. अंपायर कार्डं तिच्यासमोर धरी आणि ती अठरा नावं वहीत पेन्सिलीने लिहून घेई. वय अठ्ठावन्न, पायांच्या शिरा फुगलेल्या. लाउडस्पीकरवर खेळाडूंची नावं पुकारणारा तिचा दीर फ्रँक दर वेळी म्हणे, "भिंतीवर यादी टांगलेली असते की. तीच नावं, तीच माणसं. पायांचे उगाच हाल."

एल्डा म्हणे, "भिंत सही करत नाही."

१९६४च्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी दुपारीही ती उतरली. मार्शबर्गच्या मैदानावर हॅविलँडचा संघ आला होता. सलग नऊ सामने हरून आलेला. ती पायऱ्या चढून परत आली तेव्हा फ्रँक चर्चच्या बायकांकडून आणलेला खसखशीचा गोड पाव, कोलाच, खात, हसत बसला होता.

"ऐकलंस का? त्यांच्या मॅनेजरने आज नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. जशा निघतील तसा क्रम. म्हणाला, माझ्या अकलेने नऊ हरलो, आता टोपीच्या अकलेने बघू."

"नावाखाली नाव असलं की झालं," एल्डा म्हणाली. "खसखस माईकवर सांडू नकोस."

एल्डा गुणलेखक कशी झाली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आधी हे काम तिचा नवरा एमिल करत असे; एकोणीस वर्षं केलं. तो हृदयविकाराने गेला तेव्हा निम्मा हंगाम बाकी होता. बाई कशी चालेल, असं लीगच्या सेक्रेटरीने कळवलं. एल्डाने उत्तर लिहिलं नाही. एमिल आजारी असताना तिने केलेल्या अकरा सामन्यांचे तक्ते पाकिटात घालून पाठवले. एकाही तक्त्यात खाडाखोड नव्हती. सेक्रेटरीने पुढच्या सामन्याचे कोरे कागद पाठवून दिले.

त्याआधी सव्वीस वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कोण कुणाशी काय बोलतं, हे कानावर पडायचंच. ते कानातच ठेवायचं, ही त्या खुर्चीची एकमेव अट. चव्वेचाळीस साली एका सकाळी तारेच्या ऑफिसातून स्टेशनमास्तरला फोन आला: ह्लावाचेकांचा मुलगा इटलीत मारला गेला, तार घेऊन माणूस निघतोय. जोडणी एल्डाने करून दिली होती. दहा मिनिटांनी ह्लावाचेकबाईंचा फोन आला. मुलगा रजेवर यायचा आहे, बेकरी जोडून दे, चार डझन कोलाच सांगून ठेवते. एल्डा म्हणाली, "जोडते." आणि जोडून दिलं. ही गोष्ट तिने एमिललाही सांगितली नाही. ती बाहेर आली ती ह्लावाचेकबाईंच्याच तोंडून, बऱ्याच वर्षांनी. तोवर त्यांचा राग शिळा झाला होता, पण गेला नव्हता.

त्या रविवारी मार्शबर्गकडून चेंडू टाकणारा पिचर हॉइट टकेट तिच्याच घरी राहत असे. खेळाडूंना उन्हाळाभर घरात ठेवून घ्यायची गावाची पद्धत होती. हॉइटचा हा तिसरा उन्हाळा. आर्कन्सॉचा, एकतीस वर्षांचा, अकरा वर्षं असल्याच लहान गावांच्या संघांत काढलेला. सामन्यानंतर पाठच्या पडवीत बसून कढत पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि तिला 'मिस एल्डा' म्हणायचा. त्याची एक खोड सगळ्या लीगला माहीत होती. चेंडू हातात आला की टाकलाच. समोर झेलायला कॅचर बसतो न बसतो तोच. "विचार केला की हात दुखायला लागतो," तो म्हणे.

शुक्रवारी मॅनेजर गस बर्डिकने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर त्याची गरज नाही. हे हॉइटने रविवारी सकाळी अंडी खाताना सांगितलं.

"आज मोठ्या संघाचा माणूस येतोय," तो म्हणाला. "त्या नव्या शॉर्टस्टॉपला बघायला. एकोणीस वर्षांचा आहे पोरगा. पण मान वळवली तर मीही दिसेन. आणखी एक वर्ष, मिस एल्डा. एकच मागतोय."

"कॉफी घे," एल्डा म्हणाली.

तिसऱ्या डावात तिची पेन्सिल थांबली.

हॅविलँडचा सातवा फलंदाज बाद झाला होता. तिच्या वहीत आठवं नाव डनिगन, नववं पाईक. फ्रँकने माईकवर पुकारलं, "वेंडेल पाईक!" आणि पाठीवर सतरा आकडा असलेला उंच, बाकदार पाईक मैदानात आला. तोही बाद झाला. मग फ्रँकने डनिगनला पुकारलं. डनिगनही बाद.

एल्डाने आपलं अक्षर पाहिलं. आठ: डनिगन. नऊ: पाईक. फ्रँकची यादी पाहुण्यांच्या भिंतीवरून आलेली. टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या तशा भिंतीवर लिहिल्या गेल्या असणार आणि घाईत कार्डावर उतरवताना दोन ओळींची अदलाबदल झाली असणार. किंवा मग चूक तिचीच होती.

फलंदाजांचा क्रम एकदा दिला की शेवटपर्यंत तोच, आणि खरा तो कार्डावरचा. पाळी नसलेला माणूस खेळून गेला आणि समोरच्या मॅनेजरने पुढचा चेंडू पडायच्या आत तक्रार केली, तर ज्याची पाळी होती तो बाद आणि चुकीच्या माणसाने मिळवलेलं सगळं पुसलं जातं. पुढचा चेंडू पडला की झालं ते झालं. चूक दिसणं हे मॅनेजरचं काम. अंपायरने सांगायचं नाही. आणि गुणलेखकाने तर नाहीच. त्याच्यासाठी नियमांच्या पुस्तकात वेगळं वाक्य आहे. एमिलने त्याखाली रेघ मारून ठेवली होती.

खाली जाऊन अंपायरचं कार्ड पुन्हा पाहावं, असं तिला वाटलं. पण का पाहायचंय, असं कुणी विचारलं असतं. विचारणं म्हणजेच सांगणं. ती बसून राहिली.

पाचव्या डावात हॅविलँडने पिचर बदलला. अंपायरने बदल लिहायला खिशातून कार्ड काढलं. लिहून झाल्यावरही तो ते बघत राहिला. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि मान वर करून थेट छपराखालच्या खोलीकडे पाहिलं. एल्डाने नजर वहीत घातली. आता तिची खात्री झाली. मैदानावर हे दोन माणसांना ठाऊक होतं, आणि दोघांचीही तोंडं नियमाने बांधलेली होती.

सहाव्या डावात पुन्हा तेच. आधी पाईक, मग डनिगन. दोघेही बाद. तक्रार करण्याजोगं काही घडलंच नव्हतं. पण तोवर दुसरं काहीतरी घडू लागलं होतं. नऊ जण दोनदा, असे अठरा फलंदाज आले होते, अठराच्या अठरा परत गेले होते. पहिल्या बेसवर, धावेच्या पहिल्याच टप्प्यावर, कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. नऊ डाव, डावात तीन बाद; सत्तावीस आले आणि सत्तावीस तसेच गेले, असा 'परफेक्ट गेम' या लीगच्या बावन्न वर्षांत झाला नव्हता.

असं काही चालू असलं की त्याबद्दल बोलायचं नाही, हा खेळाइतकाच जुना संकेत. डगआउटमध्ये हॉइटच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या झाल्या. पाणी हवं का, एवढंही कुणी त्याला विचारेना. आठव्या डावाला स्टँडमधल्या हजारभर माणसांनी कागदी पंखे हलवायचेही थांबवले होते. फ्रँक कुजबुजत म्हणाला, "एल्डा, तुझा चेहरा कागदासारखा झालाय."

"उकडतंय."

"हो हो. उकडतंयच." त्याने डोळा मारला. त्याला वाटलं, तीही संकेत पाळतेय.

नववा डाव. मार्शबर्गच्या दोन धावा, हॅविलँडची एकही नाही. फलंदाज उभा राहतो त्या प्लेटमागे खालच्या रांगेत गवती हॅट घातलेला मोठ्या संघाचा माणूस बसला होता. इतका वेळ तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपकडे तिरका बसलेला. आता मान वळवून सरळ बसला होता.

सातवा फलंदाज तीन चेंडूंत गेला. पंचवीस.

"वेंडेल पाईक!" फ्रँकचा आवाज चिरकला.

पाईकने दुसरा चेंडू मारला. जोराचा नाही, पण दुसऱ्या बेसच्या उजवीकडून, दोन क्षेत्ररक्षकांच्या बरोबर मधून गेला. कुणाचा हात पोचण्यासारखा नव्हता. त्यात वादाला जागा नव्हती. पाईक पहिल्या बेसवर उभा राहिला आणि हेल्मेट नीट करू लागला. स्टँडमधून एक लांब उसासा निघाला. मग एकेक करून लोक उठले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या पाईकसाठी नव्हत्या.

एल्डाने एक बोट वर केलं, म्हणजे फटक्यावर कमावलेला बेस. हिट. फलकावर शून्याचा एक झाला.

गस बर्डिक डगआउटमधून निघाला आणि जड पावलांनी हॉइटकडे चालू लागला. त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून कार्डाचा पांढरा कोपरा वर आलेला एल्डाला दिसत होता. नऊ डाव तो त्यावर बसला होता. त्याने हात मागे नेऊन कार्ड काढलं असतं, आठवी ओळ वाचली असती आणि अंपायरला हाक मारली असती, तर डनिगन बाद झाला असता, पाईकची हिट पुसली गेली असती आणि पाईकला पुन्हा खेळायला यावं लागलं असतं. सव्वीस झाले असते. आणि हॉइटला आणखी एका माणसाची गरज उरली असती.

गसने हात मागे नेला. कंबर खाजवली. तोच हात हॉइटच्या खांद्यावर ठेवला.

"पुढे कोण आहे गं?" फ्रँकने विचारलं. "घामाने माझी यादी पुसली गेलीय. डनिगनच ना?" आणि नेहमीच्या सवयीने तो तिच्या वहीवर वाकला.

एल्डाने उजवा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, वहीवर आडवा ठेवला.

नुसतं गप्प बसणं तिला सहा डाव जमलं होतं. हे त्याहून वेगळं होतं, हे हात ठेवतानाच तिला कळलं.

"झाकतेस काय?"

"तुझी यादी बघ."

"पुसलीय म्हणतोय ना! नाव तर बघू दे." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. वीस वर्षं तो त्या खोलीत बसत होता. तिने कधी वही झाकली नव्हती. "एल्डा. क्रमात काही गडबड आहे?"

"तू तुझं काम कर, फ्रँक."

"काहीतरी आहे. तोंडाने नको सांगू. मान हलव. नुसती मान."

तिने मान हलवली नाही. खाली गस परत निघाला होता. मैदानाच्या कडेच्या रेघेपर्यंत पोचायला त्याला आणखी वीस पावलं होती. फ्रँकच्या हातात माईक होता आणि बटण चालू होतं. त्याचा श्वास लाउडस्पीकरवर ऐकू येत होता. स्टँडमधली दोघं-तिघं मागे वळून वर बघू लागली. फ्रँकने आवंढा गिळला. तोही सगळ्या मैदानभर ऐकू गेला.

"डनिगन!" तो ओरडला आणि बटण बंद करून खिडकीबाहेर वाकला. "गस! ए गस! कार्ड बघ, कार्ड!"

टाळ्या अजून चालू होत्या. गसने वर पाहिलं, हात कानामागे धरला.

कॅचर खाली बसत होता. चेंडू हॉइटच्या हातात आला होता.

हॉइटने टाकला.

त्याच्यानंतरचा चेंडू डनिगनने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला. एकोणीस वर्षांच्या त्या पोराने धावता धावता तो उचलला, दुसऱ्या बेसवर पाय लावला आणि हवेत वळून पहिल्या बेसला फेकला. पाईक आणि डनिगन दोघेही बाद, सामना संपला. गवती हॅटवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं.

एल्डाने बेरजा केल्या. खेळलेले फलंदाज एका बाजूला. धावा, बेसवर अडकलेले आणि बाद दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्या आल्या तरच तक्ता खरा. धावा शून्य, अडकलेले शून्य, बाद सत्तावीस. फलंदाज सत्तावीस. बेरीज जुळली. परफेक्ट गेमची आली असती, तीच.

गस बर्डिक सतरा पायऱ्या दोनदोन करत चढून आला. कार्ड आता त्याच्या हातात होतं.

"कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या डावापासून."

"तिसऱ्या! बाई, तू नेमकी कुणाच्या बाजूची?"

"कुणाच्याच नाही. म्हणून तर मला इथे बसवलंय."

"तुझ्या टेबलावर जेवतो तो!"

"कार्ड तुझ्या खिशात होतं, गस," एल्डा म्हणाली. "कोपरा दिसत होता."

गसने कार्ड चुरगळलं, परत सरळ केलं आणि निघून गेला.  उरलेला कोलाच कागदात गुंडाळून फ्रँक तिच्याआधी खाली उतरला. जिना उतरताना तो तिचा हात धरत असे; त्या दिवशी धरला नाही.

हॉइट पडवीत बसला होता. बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, तरी हात आतच. एल्डाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायला तोंड उघडलं.

"गस बोलला," हॉइट म्हणाला. "फ्रँकही भेटला. तो म्हणतो, तुम्ही वही झाकलीत."

"झाकली."

"नुसतं गप्प बसायचं होतं, मिस एल्डा. त्याने वाचलं असतं तर तो त्याचा दोष. तुमचा नव्हे."

"माझ्या वहीतून वाचणं म्हणजे मी सांगणंच."

हॉइटने बादलीतून हात काढला. तो कोपरापर्यंत लाल झाला होता. "तिसऱ्या, सहाव्या, नवव्या," तो म्हणाला. "दर डावानंतर मी वर बघत होतो. तुम्ही कधी खाली बघितलंच नाही. मला वाटलं, संकेत पाळताय."

"पाणी बदलून देऊ?"

"नको."

सोमवारी सकाळी त्याने पेटी भरली आणि न्हाव्याच्या दुकानावरच्या लॉजमध्ये राहायला गेला. पेटी त्याने डाव्या हाताने उचलली. चादरीची घडी घालून ठेवली होती. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर तो गावातूनही गेला. मोठ्या संघाने शॉर्टस्टॉपला वर नेलं.

लीगच्या वार्षिक पुस्तकात त्या सामन्याची नोंद एका ओळीची आहे: टकेट, नऊ डाव, एक हिट. पण तक्ता गावच्या पेपरात जसाच्या तसा छापून आला होता, कार्डावरच्या क्रमाने, आणि त्याखाली फलंदाज प्रत्यक्षात ज्या क्रमाने आले त्याची तळटीप. ती टीप एल्डाची. त्यामुळे मार्शबर्गमध्ये तो सामना 'कुणी न मागितलेला परफेक्ट गेम' म्हणून ओळखला जातो. न्हाव्याकडे अजून वाद होतात. निम्मे गसला शिव्या देतात, निम्मे एल्डाला. ह्लावाचेकबाई तेव्हा पंचाऐंशीच्या होत्या. चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी हा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती नाही सांगायची. मला विचारा." त्या कुणाच्या बाजूने बोलल्या, ते कुणाला कळलं नाही.

नोव्हेंबरात आर्कन्सॉहून एक पोस्टकार्ड आलं. हॉइट एका शाळेच्या संघाला शिकवत होता. पाच ओळी होत्या. 'त्या तक्त्याची नक्कल पाठवा. आहे तशी, काही दुरुस्त न करता. पोरांना दाखवायचीय. कार्ड खिशात ठेवायला नसतं, वाचायला असतं, हे मी सांगून त्यांना पटत नाही.' खाली सही. विचारपूस नाही, 'तुमचा' नाही, काही नाही.

तक्ता लीगखेरीज कुणाला द्यायचा असला तर सेक्रेटरीची परवानगी लागते. एल्डाने पत्र लिहून ती मागितली. अकरा दिवसांनी उत्तर आलं. मग तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि नावं लिहायला घेतली. आठव्या ओळीशी आल्यावर थांबून तिने मूळ वही जवळ ओढली आणि पुन्हा एकदा वाचून पाहिली.

मग लिहिलं: डनिगन.